ड्रम सॅम्पलना जुन्या गेम कन्सोलचा आवाज: बिटक्रशरने का जमत नाही?

ठोकताल (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. एक मित्र प्लॅटफॉर्मर गेम बनवतोय, दिसायला अगदी जुन्या वळणाचा, आणि संगीत माझ्या गळ्यात पडलंय. सुरावटींचं जमलं, पल्स आणि ट्रँगल वेव्हवर काम भागतंय. घोडं अडलंय ते ड्रम्सपाशी. माझ्याकडे नीट रेकॉर्ड केलेले किक, स्नेअर, टॉम, हायहॅट आहेत, शिवाय ड्रम मशीनचे थोडे सॅम्पल. सगळ्यांवर बिटक्रशर (आवाजाचे बिट आणि सॅम्पल रेट मुद्दाम कमी करणारा इफेक्ट) लावला, ८ बिट, ११ किलोहर्ट्झ. आवाज खराब झाला, पण जुना काही झाला नाही. आजचेच ड्रम फाटक्या स्पीकरवर वाजताहेत असं वाटतं.

एखादं प्लगइन सुचवा, नाहीतर पद्धत सांगा. त्या काळच्या ड्रम्समध्ये असं काय आहे जे इथे येत नाही, हे कळलं तरी पुष्कळ.

उगीच_वाचक

वाचनखूण साठवली आहे. जाणकारांच्या प्रतीक्षेत.

अर्धबिट

ठोकताल, आधी हे सांगा, कुठला कन्सोल? "जुना कन्सोल" असा काही एक आवाज नाही. निन्टेंडोचा फॅमिकॉम (१९८३), एनईसीचा पीसी इंजिन (१९८७), सेगाचा मेगा ड्राइव्ह (१९८८) आणि निन्टेंडोचाच सुपर फॅमिकॉम (१९९०) या चौघांची ड्रम बिघडवायची तऱ्हा वेगवेगळी आहे. त्यातल्या दोघांची तर एकमेकांच्या अगदी उलट.

दुसरं म्हणजे "८ बिट" हे विशेषण प्रोसेसरचं आहे, आवाजाचं नाही. फॅमिकॉमच्या पल्स आणि नॉइज चॅनलचा व्हॉल्यूम ४ बिटांचा, म्हणजे १६ पायऱ्या. सॅम्पल वाजवणाऱ्या चॅनलचा काउंटर ७ बिटांचा. अख्ख्या यंत्रात साधं ८ बिट पीसीएम (लाटेच्या प्रत्येक बिंदूची उंची थेट आकड्यात) कुठेच नाही. तुम्ही बिटक्रशरला ८ चा आकडा दिलात तेव्हा त्याने ४८ डेसिबलची रेंज दिली, आणि कॉम्प्रेस केलेल्या स्नेअरला तेवढी पुरून उरते. म्हणून बिटांचा परिणाम जवळजवळ ऐकूच आला नाही, नुसता सॅम्पल रेट ऐकू आला.

ठोकताल

गेमचं रूप फॅमिकॉमच्या जवळचं आहे. पण दोन लेव्हल जरा "मोठ्या" वाटायला हव्यात, तिथे मेगा ड्राइव्ह किंवा सुपर फॅमिकॉम चालेल.

अर्धबिट

मग फॅमिकॉमपासून सुरू करू. लांबण लागेल, पण एकदा हे डोक्यात बसलं की बाकीचं सोपं जातं.

त्यातल्या चिपवर (रिको २ए०३) पाच चॅनल: दोन पल्स, एक ट्रँगल, एक नॉइज आणि एक डीपीसीएम (उंचीऐवजी फक्त वर-खालीचा फरक साठवणारा). सॅम्पल वाजतो तो शेवटच्यावर. इथे प्रत्येक सॅम्पलसाठी (अख्ख्या ड्रमसाठी नव्हे, लाटेच्या एकेका बिंदूसाठी) एकच बिट असतो. बिट १ असेल तर काउंटर २ ने वर, ० असेल तर २ ने खाली. काउंटर ० ते १२७ मध्येच फिरतो. जागेवर थांबायची सोयच नाही, त्यामुळे शांततासुद्धा १०१०१० अशी हलत राहते.

आता गणित करा. सगळ्यात वेगवान रेट ३३.१४ किलोहर्ट्झ. एका पावलात फक्त २ सरकता येतं, तेव्हा पूर्ण उंचीची साइन वेव्ह जेमतेम १६८ हर्ट्झपर्यंतच पेलते. त्याच्या वरचं काही पूर्ण जोरात दिलंत की काउंटर मागे पडतो, आणि वळणदार लाटेच्या जागी सरळ उतरण तयार होते. ५ किलोहर्ट्झला तर पूर्ण उंचीच्या साधारण तिसाव्या हिश्श्याएवढीच लाट निघते. किक या चॅनलवर गुबगुबीत आणि दणकट वाजते, आणि हायहॅटचा मात्र पार बोऱ्या वाजतो, त्याचं कारण हेच. कुठल्याही बिटक्रशरमध्ये ही वेगमर्यादा नसते. तो प्रत्येक सॅम्पलला हवी तेवढी उडी मारू देतो, इथे उडीच बंद आहे.

यातून एक मजेशीर गोष्ट निघते. एन्कोड करायच्या आधीचा व्हॉल्यूम हाच तुमचा टोन कंट्रोल. स्नेअर पूर्ण जोरात दिला तर तो बोथट, जाडा, थोडा कुरकुरीत होतो. तोच अर्ध्या किंवा पाव आवाजात दिला तर काठीचा फटका स्पष्ट येतो, पण पाऊल २ चंच असल्यामुळे मागे खरखर वाढते. एकच स्नेअर चार वेगवेगळ्या लेव्हलला एन्कोड करा, परत वेव्ह फाइल करा आणि शेजारी शेजारी ठेवून ऐका. ईक्यू (इक्वलायझर) न लावता चार वेगळे स्नेअर मिळतात.

हत्यार म्हणाल तर फॅमिट्रॅकर किंवा फॅमिस्टुडिओ, फॅमिकॉमचं संगीत बनवायची सॉफ्टवेअर, दोन्ही फुकट आहेत. वेव्ह फाइल आत घ्या, डीपीसीएम करा, वाजवा, पुन्हा वेव्ह म्हणून बाहेर काढा. फॅमिट्रॅकरच्या इम्पोर्टच्या खिडकीत क्वालिटी आणि व्हॉल्यूमचे स्लायडर आहेत. क्वालिटी १५ म्हणजे ३३ किलोहर्ट्झ, ० म्हणजे ४.१८ किलोहर्ट्झ, एकूण १६ पायऱ्या. १५ वर एन्कोड करून खालच्या पायरीवर वाजवलंत की त्याच सॅम्पलचे टॉम तयार होतात. जुन्या गेममध्ये टॉमची जी उतरती माळ ऐकू येते ती बऱ्याचदा अशीच, एका सॅम्पलवरून काढलेली.

झांजीबार

वरच्यात भर. एका डीपीसीएम सॅम्पलची कमाल लांबी ४०८१ बाइट. सगळ्यात वरच्या रेटला ती एक सेकंदही भरत नाही. शिवाय बँक (मेमरीचे तुकडे) बदलायची युक्ती नसेल तर सगळे सॅम्पल मिळून १६ किलोबाइटच्या खिडकीत बसवायचे, म्हणजे त्या रेटला एकूण चारेक सेकंद. म्हणून शेपटी छाटलेली असायची. ठोकताल, तुमचा स्नेअर किती लांब आहे? खोलीचा घुमारा त्यात असेल तर आधी कापा. माझ्या मते निम्मं काम कात्रीचंच आहे.

ठोकताल

स्नेअर ७०० मिलिसेकंदांचा आहे, खोलीसकट.

झांजीबार

१५० च्या आत आणा. किक १२० ते २००. आणि फेडआउट गुळगुळीत ठेवू नका, खटकन तुटू दे.

सुरपेटी

एवढा आटापिटा कशाला? नेटवर जुन्या गेममधून काढलेले ड्रम सॅम्पल ढिगाने पडलेत. उचला, वाजवा, मोकळे व्हा.

अर्धबिट

घरी मजा म्हणून ठीक आहे. पण ठोकतालांचा मित्र उद्या गेम विकायला काढणार असेल तर दुसऱ्याच्या गेममधले सॅम्पल म्हणजे विकतचं दुखणं. शिवाय ते ड्रम त्या गाण्यासाठी, त्या मिक्ससाठी घडवलेले असतात. स्वतःच्या सॅम्पलवर हे संस्कार करायला तासाभराच्या वर लागत नाही.

मिक्सचा विषय निघालाच आहे तर: फॅमिकॉमवर डीपीसीएमचा ड्रम बहुधा एकटा वाजत नाही. किकला जोडीला ट्रँगल, पिच भर्रकन खाली येणारा. स्नेअरला जोडीला नॉइज चॅनल. हायहॅट पूर्णपणे नॉइजवरच. सुपर मारिओ ब्रदर्स ३ (१९८८) मधला ताल ऐकलात तर डीपीसीएमच्या ठोक्यांचा उपयोग कळेल. आणि सनसॉफ्टच्या जर्नी टू सिलियस (१९९०) मध्ये तर याच चॅनलवर बेस गिटार वाजवलीय, कारण वर म्हटलं तसं, खालच्या पट्टीत हा चॅनल राजा आहे.

ट्रँगलची किक डीएडब्ल्यूमध्ये (संगणकावरच्या रेकॉर्डिंग-मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये) करायची असेल तर दोन पथ्यं. एक, ट्रँगलला व्हॉल्यूम नाही. चालू किंवा बंद, मधलं काही नाही. दोन, ध्वनीचे बहुतेक ड्रायव्हर (गेममधला चिपला हुकूम देणारा कोड) चित्राच्या प्रत्येक फ्रेमला एकदा, म्हणजे सेकंदाला ६० वेळा बदल करायचे. त्यामुळे पिच सुळकन घसरत नाही, १६.७ मिलिसेकंदांच्या पायऱ्यांनी उतरतो. पिच एन्व्हलपला (वेळेनुसार पिच बदलायच्या आखणीला) तीन-चार पायऱ्या द्या, समजा २२०, १३०, ८०, ५५ हर्ट्झ, आणि बंद. त्या पायऱ्यांमुळेच किकला ती "डुक्" अशी धार येते. सरळ रेषेतला स्वीप केलात की लगेच सिंथेसायझरची किक वाटू लागते.

नॉइजचंही तेच, व्हॉल्यूम १६ पातळ्यांत आणि फ्रेमनिशी.

उगीच_वाचक

काउंटर सॅम्पल संपल्यावर जिथे असेल तिथेच राहतो का? मग पुढचा ठोका तिथून सुरू होणार?

अर्धबिट

अगदी बरोबर पकडलंत! जिथे थांबला तिथेच राहतो. त्याचे दोन परिणाम. पुढच्या सॅम्पलच्या सुरुवातीला टक् असा आवाज येऊ शकतो. आणि त्याहून गमतीचं म्हणजे चिपमधलं मिश्रण सरळ बेरजेचं नाही. डीपीसीएमचा काउंटर वर अडकला की ट्रँगल आणि नॉइज हळू वाजू लागतात. काही संगीतकारांनी हीच खोड ट्रँगलचा आवाज कमी करायला वापरली. डीएडब्ल्यूमध्ये हे हवं असेल तर डीपीसीएमच्या ट्रॅकवरून ट्रँगलच्या ट्रॅकला हलका साइडचेन (एक वाजला की दुसरा आपोआप दबतो) द्या, दीडेक डेसिबल. जास्त दिलात तर आजचं डान्स म्युझिक होईल.

विषयांतर: हा चॅनल मेमरीतून बाइट उचलताना जॉयस्टिकच्या वाचनात अडथळा आणायचा, न दाबलेलं बटण दाबल्यासारखं दिसायचं. म्हणून डीपीसीएम वापरणारे गेम कंट्रोलर पुन्हा पुन्हा वाचून दोनदा सारखं उत्तर आलं तरच ते खरं मानायचे. ड्रमपायी केवढा हा उपद्व्याप.

मेगाभक्त

फॅमिकॉमपुराण झालं असेल तर आमच्याकडे या.

मेगा ड्राइव्हमध्ये यामाहाची वायएम२६१२ चिप, सहा एफएम चॅनल (एका लाटेने दुसरीला हलवून सूर घडवणारे). सहावा चॅनल बंद करून त्याच्या जागी ८ बिट डीएसी (आकड्यांचा आवाज करणारा भाग) वापरता येतो. ड्रम तिथे. म्हणजे इथे ८ बिट पीसीएम खरोखर आहे, पण मेख अशी की त्या डीएसीला एकेक बाइट प्रोसेसरने हाताने भरवायचा. ते काम ३.५८ मेगाहर्ट्झच्या झेड८० कडे. त्याने मधे क्षणभर जरी मान वळवली तरी सॅम्पल अडखळतो. आणि मान वळवावी लागायचीच, कारण ग्राफिक्सचा डेटा डीएमएने (प्रोसेसरला वगळून थेट) हलत असताना कार्ट्रिजकडे जायचा रस्ता बंद. हे दर फ्रेमला घडतं, म्हणून मेगा ड्राइव्हच्या बोलण्यात आणि ड्रममध्ये ती ओळखीची चरचर आहे.

पहिल्या सॉनिक द हेजहॉगमध्ये (१९९१) ड्रमचे सॅम्पल ४ बिट डेल्टा स्वरूपात आहेत. १६ ठरावीक उड्यांचा तक्ता: ०, १, २, ४, ८, १६, ३२, ६४ आणि तशाच उलट्या दिशेला १२८ पर्यंत. बारीक हालचालीला पावलं छोटी, मोठ्या हालचालीला एकदम दुप्पट-चौपट. म्हणून फटका ठसठशीत येतो आणि त्याच्या अंगाभोवती थोडी वाळू राहते. त्यातला टिंपनी हा एकच सॅम्पल, वेगवेगळ्या वेगाने वाजवलेला.

आता तुमच्या कामाचं. दोन गोष्टी लोक विसरतात.

पहिली, डीएसी एकच, त्यामुळे ड्रायव्हरने सॉफ्टवेअरमध्ये मिक्सिंग केलं नसेल तर एका वेळी एकच ड्रम. स्नेअर आला की किकची शेपटी तिथेच कापली जाते. सॅम्पलरमध्ये सगळ्या ड्रमना एकाच चोक ग्रुपमध्ये (नवा आवाज आला की आधीचा कापणाऱ्या गटात) टाका. एवढं एक केलंत तरी ऐकणारा म्हणेल, "अरे, हे तर गेमचं आहे." बिटं-हर्ट्झ नंतर बघा. फॅमिकॉमच्या डीपीसीएमलाही हाच नियम.

दुसरी, डाउनसॅम्पल करताना गाळणी कुठे लावायची. सॅम्पल ८ किलोहर्ट्झला आणताना चांगली गाळणी लावा, म्हणजे ४ किलोहर्ट्झच्या वरचं आधीच जाईल. पण परत ४४.१ ला नेताना कुठलीही गाळणी नको, प्रत्येक सॅम्पल पुढचा येईपर्यंत तसाच धरून ठेवायचा. मग ३ किलोहर्ट्झच्या घटकाची सावली ५ आणि ११ किलोहर्ट्झला पडते. तीच ती धातूसारखी किनार. तुमचा डीएडब्ल्यू परत नेताना ही सावली इमानेइतबारे पुसून टाकतो, म्हणून नुसता मंद, रजई पांघरलेला आवाज मिळतो. आणि बरेच बिटक्रशर उलटं करतात: आत जाताना काहीच गाळत नाहीत, त्यामुळे झांजेचा वरचा सगळा कचरा दुमडून खाली येतो आणि बेसूर किणकिणाट होतो.

ठोकताल

हे आत्ताच करून पाहिलं. आधी लो-पास ३.६ किलोहर्ट्झला, मग ८ किलोहर्ट्झ सॅम्पल-अँड-होल्ड, सगळे ड्रम एका चोक ग्रुपमध्ये. स्नेअर ओळखू येईना इतका बदलला, चांगल्या अर्थाने. पण शेपटीत सतत एक शूऽऽ ऐकू येतंय. हा क्वांटायझेशनचा (बिटांच्या पायऱ्यांत बसवण्याचा) आवाज का?

मेगाभक्त

डिदर (बिट कमी करताना मुद्दाम मिसळलेली बारीक खरखर) चालू असेल. बंद करा. जुन्या काळी ही चैन नव्हती. डिदर काढलात की शेपटी हळूहळू चुरगळत जाऊन अचानक गप्प होईल, हवं ते हेच. आणि बिट कमी करण्याआधी लिमिटर लावून सॅम्पल पार छतापर्यंत चढवा. त्या लोकांनी एकही बिट वाया घालवला नव्हता.

सुरपेटी

पीसी इंजिनचं कुणी बोलत नाही.

झांजीबार

घ्या. सहा चॅनल, प्रत्येकाला ३२ खणांची ५ बिट वेव्ह. एखादा चॅनल थेट मोडमध्ये टाकून त्याला ५ बिटांचे सॅम्पल भरवता येतात. टायमर सुमारे ७ किलोहर्ट्झचा असल्याने ड्रम बहुधा त्याच रेटला. म्हणजे ३० डेसिबलची रेंज आणि ३.५ किलोहर्ट्झचं छत. बिटक्रशरवर ५ बिट, ७ किलोहर्ट्झ, होल्ड, डिदर बंद. बिटक्रशर जसाच्या तसा चालतो असं हे एकमेव उदाहरण या धाग्यात.

ठोकताल

आणि सुपर फॅमिकॉम? तिथे तर ड्रम बऱ्यापैकी खरे वाटतात.

झांजीबार

वाटतात खरे, पण नीट ऐका, वरची चमक नाही. सुरुवातीला अर्धबिट "उलट" म्हणाले ते हेच. मेगा ड्राइव्ह सावल्या तशाच सोडतो, सुपर फॅमिकॉम त्या पुसायच्या नादात खरं ट्रेबलही पुसतो. सॅम्पल वाजवताना चार बिंदूंचं गाउसियन इंटरपोलेशन (शेजारच्या बिंदूंवरून मधली उंची काढणं) होतं आणि ते बंद करता येत नाही. त्यामुळे एन्कोड करण्याआधी ट्रेबल मुद्दाम वाढवून ठेवायचं. ६ किलोहर्ट्झच्या वर शेल्फ ईक्यूने तीन-चार डेसिबल चढवा, आत कर्कश वाटलं तरी चालेल.

सॅम्पलचं स्वरूप बीआरआर: १६ सॅम्पल ९ बाइटमध्ये. ध्वनीसाठी मेमरी एकूण ६४ किलोबाइट, आणि त्यातच ड्रायव्हर, सुरावट, सगळे सॅम्पल आणि इकोचा बफर. इको पूर्ण २४० मिलिसेकंदांचा घेतलात तर ३० किलोबाइट तिथेच गेले! दुसरीकडे १६ किलोहर्ट्झची, ०.२ सेकंदाची किक १८०० बाइटमध्ये बसते. संगीतकार सॅम्पल आणि इको यांच्यात सतत घासाघीस करायचा.

म्हणून स्नेअर आणि झांजेची शेपटी बऱ्याचदा लूपवर. फटका खरा, पुढे छोटा तुकडा फिरवत ठेवून एन्व्हलपने विझवायचा. लूपची लांबी १६ च्या पटीतच. ३२ सॅम्पलचा लूप १६ किलोहर्ट्झला फिरवलात तर ५०० हर्ट्झचा गुंजारव ऐकू येणार, आणि स्नेअर "झ्झ" करत संपणार. नेमकी हीच खूण लोकांच्या कानात बसलीय. बिनचूक लूप शोधत बसू नका.

करून बघायला सी७०० हे फुकट प्लगइन आहे, किंवा फर्नेस ट्रॅकर. फर्नेसमध्ये मेगा ड्राइव्ह, पीसी इंजिन, गेम बॉय सगळेच मिळतील.

उगीच_वाचक

गेम बॉयवर दोन ओळी?

अर्धबिट

ड्रम मुख्यतः नॉइज चॅनलवर. नॉइजचे दोन प्रकार, लांब आणि छोटा. छोटा १२७ पावलांत स्वतःला पुन्हा म्हणतो, म्हणून पत्र्यासारखा, जवळजवळ सुरात वाजतो. काउबेल, रिमशॉट त्यावर छान होतात. वेव्ह चॅनलमधून सॅम्पल वाजवता येतात, पण ४ बिटांत. बास.

ठोकताल

भारीच माहिती मिळाली. आता असं ठरवतोय: फॅमिकॉमच्या लेव्हलना किक आणि टॉम डीपीसीएम, स्नेअर डीपीसीएम अधिक नॉइज, हायहॅट फक्त नॉइज. मोठ्या लेव्हलना मेगा ड्राइव्हची पद्धत. शेवटचे दोन प्रश्न. रिव्हर्ब कुठे द्यायचा? आणि गेम इंजिनमध्ये ठोक्यागणिक पिच थोडा बदलायची सोय आहे, त्याने यांत्रिकपणा कमी होईल का?

मेगाभक्त

मेगा ड्राइव्हला रिव्हर्ब हवाच असेल तर एन्कोड करण्याआधी, सॅम्पलच्या आत, म्हणजे तो पण ८ बिटांत चिरडला जाईल आणि चोकने कापला जाईल. मागून मास्टरवर लावलात तर आतापर्यंतची मेहनत पाण्यात. मोठा स्नेअर पाहिजे तर गेटेड रिव्हर्ब (मधेच कापलेला घुमारा) सॅम्पलमध्येच भाजून घ्या.

अर्धबिट

फॅमिकॉमला रिव्हर्ब नाही. फार तर तोच नॉइजचा ठोका दोन-तीन फ्रेम सोडून हळू आवाजात पुन्हा वाजवा.

इंजिनमधली पिच बदलायची सोय बंद ठेवा. डीपीसीएमला १६ च रेट, त्यांच्या अधलामधला पिच त्या यंत्रातून निघूच शकत नाही, आणि कान ते पकडतो. शिवाय इंजिन पिच बदलताना स्वतःचं इंटरपोलेशन लावेल, म्हणजे मेगाभक्तांनी सांगितलेल्या सावल्या गेल्या. विविधता हवी तर जवळच्या दोन रेटचे वेगळे सॅम्पल बाहेर काढून आलटून पालटून वाजवा. फाइल मोनो, वेव्ह, ४४.१ किंवा ४८, जो प्रोजेक्टचा रेट असेल तोच. ऑग किंवा एमपीथ्री कमी बिटरेटला केलंत तर वरची खरखर चिखलासारखी लडबडते, तेव्हा ड्रम निदान कॉम्प्रेशनशिवाय जाऊ देत. सगळे मिळून काहीशे किलोबाइटच्या वर जाणार नाहीत.